दर लाखाला शून्य

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी आम्हा सात भावंडांत मिळून एकच ब्रिक गेम होता. जत्रेत मिळतो तो, करड्या रंगाचा, पाठीवर ‘९९९९ इन १’ असं छापलेला. वरून पडणाऱ्या विटा फिरवून, सरकवून ओळी पुऱ्या करायच्या आणि कोपऱ्यातला आकडा वाढवत न्यायचा. सगळ्यांत मोठा आकडा तो खेळ लक्षात ठेवायचा, पण सेल आत असेपर्यंतच. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की मोठी माणसं बेधडक ब्रिक गेममधला पेन्सिल सेल काढून घड्याळात घालत आणि आमची चार दिवसांची कमाई शून्य होई. शेवटी थोरल्या मामेबहिणीने तो आकडा कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीने लिहून ठेवायला सुरुवात केली. त्यासोबत तिने दोन नियम केले. लिहिलेला नसेल तो आकडा धरायचा नाही. आणि आकडा होताना दुसऱ्या कोणीतरी पाहिलेला असला पाहिजे.

पुढे आर्केड खेळांचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, की अमेरिकेतली आणि जपानमधली पोरं आमच्या आधी कितीतरी वर्षं याच दोन नियमांपाशी येऊन पोचली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे, चार रंगांचे आणि टुकटुक आवाजांचे ते खेळ आजही माणसं तासन् तास का खेळतात, याचं उत्तर मला या दोन नियमांत सापडतं.

आर्केडचं यंत्र म्हणजे कपाटाएवढी लाकडी पेटी. आत टीव्हीची काचेची नळी, समोर एक दांडी, दोन-तीन बटणं आणि नाणं टाकायची फट. आपल्याकडे त्याची ओळख झाली ती व्हिडिओ गेम पार्लरमधून. नव्वदच्या दशकात पार्लरला गेलेल्या कोणालाही ‘मुस्तफा’ विचारा, डोळे चमकतील. कॅपकॉम कंपनीच्या त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण आपल्या पोरांनी त्यातल्या एका गड्याच्या नावाने त्याचं बारसं केलं. तो खेळ मात्र शेवट गाठण्याचा होता. मी सांगतोय ते त्याच्या आधीच्या खेळांबद्दल. त्यांना शेवटच नव्हता. त्यात मरण ठरलेलं, प्रश्न एवढाच की मरायच्या आधी आकडा कुठवर नेता.

१९७८ साली जपानच्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. अकराच्या पाच रांगा, म्हणजे ५५ परग्रहवासी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत हळूहळू खाली येतात आणि आपण खालून बंदूक चालवायची. त्यातल्या इंटेल ८०८० या चिपची ताकद इतकी तुटपुंजी होती, की पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा उमटत असताना प्रत्येक वेळी ती एकाच परग्रहवासीयाला एक पाऊल हलवू शके. ५५ जिवंत असताना सगळ्या फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागायचा. जसजसे ते मरत जात तसतशी चिप मोकळी होई आणि उरलेले भराभर धावत. शेवटचा एकटा उरला की तो अक्षरशः सुसाट सुटतो. निशिकादोंना हे दिसलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. यंत्राच्या अशक्तपणातून खेळाचा श्वास तयार झाला. आजही तो खेळताना शेवटच्या तीन-चार जणांपाशी छातीत धडधडतं ते त्यामुळेच.

पण मला जास्त कौतुक खेळणाऱ्यांचं वाटतं. पडद्याच्या माथ्यावरून अधूनमधून एक तबकडी जाते. तिला पाडलं की कधी ५० गुण मिळतात, कधी ३००. बघणाऱ्याला वाटेल, नशिबाचा खेळ. पोरांनी स्वतःच्या गोळ्या मोजायला सुरुवात केली आणि शोध लागला, की २३ व्या गोळीला तबकडी पाडली तर हमखास ३०० मिळतात आणि त्यानंतर दर १५ व्या गोळीला. आतलं गणित कोणी उघडून दाखवलेलं नव्हतं. बोटांनी आणि मोजणीने ते उकललं. जपानमध्ये आणखी एक युक्ती पसरली, ‘नागोया-उची’, म्हणजे नागोया पद्धतीचा मारा. परग्रहवासी अगदी खालच्या ओळीवर, बंदुकीच्या डोक्यावर येऊन ठेपले की त्यांच्या गोळ्या आपल्याला लागतच नाहीत. मग त्यांना मुद्दाम खाली येऊ द्यायचं आणि त्या जीवघेण्या एका ओळीत उभं राहून निवांत टिपायचं. एक पाऊल चुकलं तर सगळंच संपलं. एका शहराचं नाव एका चालीला मिळावं, हा मान एरवी बुद्धिबळाच्या चालींना मिळतो.

‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या माथ्यावर सर्वांत मोठा आकडा दिसायचा, पण तो कोणाचा, हे तिथे उभं असलेल्यांनाच ठाऊक. आकड्याला नाव नव्हतं. १९७९ मध्ये एक्सिडी कंपनीच्या ‘स्टार फायर’ने खेळाडूला आपली आद्याक्षरं नोंदवू दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या अटारीच्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ने ही रीत गावोगाव नेली. पहिल्या दहांची यादी आणि प्रत्येक आकड्यापुढे तीन अक्षरं. तिथून हे सगळं प्रकरण बदललं.

का बदललं, ते नीट पाहण्यासारखं आहे. त्याआधीच्या पिनबॉलमध्ये ठरावीक गुण झाले की एक डाव फुकट मिळे. बक्षीस म्हणजे वाचलेलं नाणं. तीन अक्षरांत वाचण्यासारखं काहीच नव्हतं. तुम्ही निघून गेल्यावर मागून येणाऱ्या परक्या माणसाला तुमची अक्षरं दिसणार, एवढंच. तो तुम्हाला कधी भेटणार नाही. तरी तो त्या अक्षरांशी झुंजणार. शाळा सुटल्यावर येणारा मुलगा आणि रात्रपाळी संपवून येणारा कामगार एकमेकांना न पाहता महिनोन् महिने एकाच यंत्रावर एकमेकांना हरवत राहू शकत होते. शिवाय दोघांना मिळणारं यंत्र तंतोतंत एकच. मैदानाचा उतार, पंचाची मर्जी, बापाचा पैसा, यांपैकी काही मध्ये येत नाही.

आणि यंत्र विसरायचं. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ची यादी वीज असेपर्यंतच टिके. रात्री मालकाने मेन स्विच बंद केला की दहाही नावं पुसली जात आणि सकाळी पाटी कोरी. १९८१ च्या ‘डिफेंडर’मध्ये यूजीन जार्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन याद्या ठेवल्या, एक आजची आणि एक कायमची. कायमची यादी टिकावी म्हणून यंत्राच्या पोटात साधे पेन्सिल सेल बसवले होते. हे वाचलं तेव्हा मला आजोळचं घड्याळ आठवलं.

आता ‘पॅकमॅन’कडे येतो. आकड्यांच्या या संस्कृतीचं सगळ्यांत खोल पाणी तिथे आहे, म्हणून जरा रेंगाळणार आहे.

१९८० साली नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी तो बनवला. पिवळा गोल तोंड उघडत-मिटत बोळांमधून ठिपके खात फिरतो आणि चार भुतं त्याच्या मागे लागतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला भुतं वाटेल तशी भटकतात असंच वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकाचा स्वभाव पक्का ठरलेला आहे आणि जपानी नावांतच तो सांगितलाय. लाल भूत ‘ओइकाके’, पाठलाग करणारं. ते तुम्ही उभे आहात त्याच चौकटीवर नेम धरतं. गुलाबी भूत ‘माचिबुसे’, दबा धरून बसणारं. ते तुमच्या तोंडापुढच्या चौथ्या चौकटीवर जायला बघतं, म्हणजे वाट अडवतं. निळं ‘किमागुरे’, लहरी. तुमच्या पुढच्या दुसऱ्या चौकटीपर्यंत लाल भुतापासून एक रेघ ओढा, तीच रेघ तेवढीच पुढे वाढवा, जिथे टेकेल तिथे त्याचं लक्ष्य. त्यामुळे लाल भूत दूर असेल तर निळं कुठेतरी भलतीकडे जातं आणि लाल जवळ आलं की निळंही अंगावर येतं. नारिंगी ‘ओतोबोके’ म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाणारं. आठ चौकटींहून लांब असेल तर लालासारखा पाठलाग करतं आणि जवळ आलं की काही ठाऊक नसल्यासारखं आपल्या कोपऱ्याकडे वळतं.

शिवाय चौघं सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या लेव्हलला सात सेकंद आपापल्या कोपऱ्यात पांगतात, मग वीस सेकंद पाठलाग, पुन्हा पांगापांग. हा पांगण्याचा वेळ इवातानींनी खेळाडूला दम खायला म्हणून ठेवला. सतत पाठलाग असता तर माणूस कंटाळून निघून गेला असता.

यातली गोम अशी, की भुतं तुमच्याकडे बघूनच चालतात. तुम्ही तंतोतंत तेच केलंत, तर तीही तंतोतंत तेच करतात. मोठी गोळी खाल्ली की काही क्षण पॅकमॅनच भुतांना खाऊ शकतो. तेव्हा निळी पडून पळणारी भुतं सैरावैरा धावतात असं दिसतं, पण तो सैरावैरापणाही दर लेव्हलच्या सुरुवातीला त्याच आकड्यापासून सुरू होतो. म्हणजे एकदा बिनचूक सापडलेली वाट पुन्हा चालली तर पुन्हा बिनचूकच ठरते. अशा वाटा खेळाडूंनी शोधल्या, कागदावर काढल्या, एकमेकांना शिकवल्या. गवई बंदिश पाठ करतो तशा त्या बोटांत बसवल्या. एक जागा अशीही सापडली, की ठरावीक बाजूने येऊन तोंड वर करून थांबलं तर चारही भुतं घिरट्या घालत राहतात, पण पोचत नाहीत. तिथे पॅकमॅनला उभं करून खेळणारा पाणी प्यायला जाऊ शके.

मग या वाटांवरून माणसं पुढे पुढे गेली आणि एक दिवस २५६ व्या लेव्हलला पोचली. तिथे डावा अर्धा पडदा ठीक असतो आणि उजव्या अर्ध्यावर अक्षरं, आकडे, फळांचे तुकडे यांचा कचरा पसरलेला. कारण साधं आहे. लेव्हलचा आकडा ठेवायला यंत्रात आठ बिटांची एकच जागा. तिच्यात २५५ पर्यंतच मावतं, त्यापुढे पुन्हा शून्य, जसा जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा फिरून शून्यावर येतो. तळाशी लेव्हल दाखवणारी फळं काढणारा भाग या शून्याने गोंधळतो आणि सातऐवजी २५६ फळं काढायला बसतो. ती अर्धा पडदा खाऊन टाकतात. लेव्हल पार करायला लागणारे ठिपके तिथे पुरेसे नसतातच. ज्या खेळाला शेवट नाही असं त्याच्या निर्मात्यांनी धरलं होतं, त्याला शेवट होता आणि तो खेळणाऱ्यांनी शोधला.

शेवट आहे म्हटल्यावर प्रश्न आला, जास्तीत जास्त किती? प्रत्येक ठिपका, प्रत्येक फळ, प्रत्येक मोठ्या गोळीला शक्य तितकी सगळी भुतं आणि वाटेत एकदाही मरायचं नाही, असा हिशेब लावला तर उत्तर येतं ३३,३३,३६०. याहून एक गुणही जास्त होऊ शकत नाही. हा आकडा पहिल्यांदा गाठल्याची नोंद बिली मिचेल यांच्या नावावर झाली, ३ जुलै १९९९ रोजी, न्यू हॅम्पशायरमधल्या ‘फनस्पॉट’ या खेळघरात. सुमारे सहा तास लागले. यंत्र बाजारात येऊन एकोणीस वर्षं झाली होती. खेळ जुना झाल्यावर त्याचा तळ सापडला.

‘डाँकी काँग’चा शेवट तर आणखी क्रूर. निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो यांचा हा १९८१ चा खेळ, त्यात मारिओ तुळयांवरची पिंपं चुकवत शिड्या चढत जातो. प्रत्येक लेव्हलमध्ये काही पडदे असतात. एका पडद्याला किती वेळ द्यायचा, हे यंत्र लेव्हलला दहाने गुणून त्यात ४० मिळवून ठरवतं. २२ व्या लेव्हलला उत्तर येतं २६०, पण २५५ च्या पुढे जागाच नाही, म्हणून उरतात फक्त चार. हजारोंनी सुरू होणारं घड्याळ ४०० वर सुरू होतं आणि बिचारा मारिओ शिडी चढता चढता मध्येच मरतो. कितीही तरबेज खेळाडू असो, या ११७ व्या पडद्यावर सगळे मरतात. म्हणजे मोठा आकडा करायचा तर आधीच्या ११६ पडद्यांतून पिळून काढायचा. मग सुरक्षित वाट सोडून पिंपांवरून जास्त उड्या मारायच्या, हातोडा कधी उचलायचा ते ताडायचं, जिवावर उदार होऊन थांबून राहायचं. १९८२ मध्ये मिचेल यांनीच केलेला ८,७४,३०० हा आकडा वीसेक वर्षं शिखर वाटत होता. आज सर्वोत्तम खेळाडू बारा लाखांच्या पुढे गेलेत. यंत्र तेच, पडदे तेवढेच. माणसं अजून शिकतायत.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण कोणीतरी लिहून ठेवलं.

१९८१ च्या उन्हाळ्यात वॉल्टर डे नावाचा माणूस अमेरिकेत शंभराहून जास्त खेळघरं हिंडला आणि प्रत्येक यंत्रावरचा सर्वांत मोठा आकडा त्याने टिपून घेतला. डे हे महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचे साधक, आयोवा राज्यातल्या फेअरफील्डचे रहिवासी. महर्षींचं विद्यापीठ त्याच गावात आहे. जवळच्याच ऑटमवा या छोट्या गावात त्यांनी १० नोव्हेंबर १९८१ ला ‘ट्विन गॅलेक्सीज’ हे खेळघर उघडलं आणि ९ फेब्रुवारी १९८२ ला आपली वही राष्ट्रीय गुणफलक म्हणून जगापुढे ठेवली. मग देशभरातून फोन येऊ लागले. माझा आकडा इतका झाला, माझ्या खेळघराचा मालक साक्षीला आहे. डे तो नोंदवत, शंका आली तर उलट फोन करत. त्यांची ध्यानधारणा आणि त्यांची ही चिकाटी यांचा काही संबंध असेल तर तो मला सांगता येणार नाही, पण एकाच गोष्टीपाशी न हलता बसून राहण्याचा गुण दोन्हीकडे लागतो.

७ नोव्हेंबर १९८२ ला ‘लाइफ’ मासिकाच्या छायाचित्रासाठी देशातले सोळा उत्तम खेळाडू ऑटमवात जमले. रस्त्यावर यंत्रं ओळीने मांडली आणि त्यांच्यामागे ही पोरं उभी राहिली. ऑटमवा स्वतःला व्हिडिओ गेमची जागतिक राजधानी म्हणवू लागलं. याच गावातल्या टिम मॅकवे या सोळा वर्षांच्या मुलाने जानेवारी १९८४ मध्ये ‘निब्लर’ हा सापाचा खेळ चाळीस तासांहून अधिक वेळ सलग खेळून १,००,००,४२,२७० गुण केले. एक अब्ज ओलांडणारा तो पहिला. गावाने त्याच्या नावाने एक दिवस साजरा केला. दोनच महिन्यांनी ‘ट्विन गॅलेक्सीज’चं दुकान बंद पडलं, पण वही चालू राहिली.

जपानमध्ये हे काम मासिकांनी केलं. १९८६ ला सुरू झालेल्या ‘गेमेस्ट’मध्ये देशभरातल्या खेळघरांनी कळवलेले आकडे छापून येत. खेळाडूच्या नावाशेजारी खेळघराचंही नाव असे. एखाद्या आडगावच्या दुकानाला देशात पहिल्या आलेल्या खेळाडूमुळे मान मिळे आणि दूरदूरची पोरं आगगाडीने तिथे खेळायला येत.

साक्षीचा प्रश्न मात्र पुढे चिघळत गेला. खेळघरं ओस पडली, घरी एकट्याने खेळून व्हिडिओची टेप पाठवायची पद्धत आली. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ हे सॉफ्टवेअर आणलं आणि जुनं यंत्र घरच्या कॉम्प्युटरवर जसंच्या तसं चालू लागलं. जतनाच्या दृष्टीने मेमचे उपकार फार मोठे आहेत. नाहीतर शेकडो खेळ गंजून संपले असते. पण मेमवर खेळ थांबवता येतो, मागे नेता येतो, म्हणून मूळ यंत्रावरचा आकडा आणि मेमवरचा आकडा यांच्या याद्या वेगळ्या ठेवाव्या लागल्या. स्टीव्ह विबी हे वॉशिंग्टन राज्यातले शिक्षक आणि मिचेल यांच्यातली ‘डाँकी काँग’ची चुरस २००७ च्या ‘द किंग ऑफ काँग’ या माहितीपटाने घराघरांत नेली. त्यातला सगळा ताण एकाच प्रश्नावर उभा आहे, की कोणती टेप धरायची आणि कोणती नाही.

२०१८ मध्ये मिचेल यांच्या टेपांवरच आक्षेप आला. ‘डाँकी काँग’च्या मूळ यंत्रावर नवा पडदा उमटताना तुळया दार सरकावं तशा एका बाजूने दिसत जातात. मेमच्या जुन्या आवृत्त्यांत त्या तुकड्यातुकड्यांनी येतात. डोळ्याची पापणी लवायच्या आतला हा फरक. टेपा एकेका चित्राने थांबवून लोकांनी तो तपासला. ट्विन गॅलेक्सीजने त्यांचे आकडे काढून टाकले. मिचेल यांनी आरोप कायम नाकारला, प्रकरण कोर्टात गेलं, जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली आणि त्यांचे आकडे ऐतिहासिक नोंदींत परत आले. मला या वादात कोण खरं यापेक्षा दुसरी गोष्ट विलक्षण वाटते. ज्यात एक पैसा मिळत नाही अशा जुन्या आकड्यासाठी माणसं वर्षानुवर्षं चित्र न् चित्र पारखत बसली. बाकी कशावर नाही तरी त्या यादीवर त्यांचा जीव होता. यादी खोटी निघाली तर स्वतःच्या रात्रीही खोट्या पडणार, हे त्यांना कळत होतं.

आमच्या ब्रिक गेमचा मूळ पुरुष म्हणजे अलेक्सेय पाजित्नोव यांचा १९८४ चा ‘टेट्रिस’. तो आर्केडचा नव्हे, पण भाऊबंदच. त्याची निन्टेन्डोवरची १९८९ ची आवृत्ती आकडा ९,९९,९९९ ला अडवते आणि २९ व्या लेव्हलला विटा इतक्या वेगाने पडतात, की तिथे खेळ संपला असंच वीस वर्षं सगळे मानत होते. मग मुलांनी बटणांवरची बोटं नव्या तऱ्हेने चालवायला सुरुवात केली. कोणी थरथरतं बोट वापरलं, कोणी रिमोट मागून टिचक्यांनी वाजवला. २१ डिसेंबर २०२३ ला ओक्लाहोमातल्या तेरा वर्षांच्या विलिस गिब्सनने १५७ वी लेव्हल गाठली आणि यंत्रच गोठलं. खेळाची ती आवृत्ती त्याच्या जन्मापेक्षा एकवीस वर्षांनी थोरली.

या सगळ्यांत मला सतत आठवतो तो ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’चा विक्रम.

एड लॉग आणि लाइल रेन्स यांच्या या खेळात काळ्या पडद्यावर रेघांचं एक इवलं यान, भोवती तरंगणारे दगड. मोठा दगड फोडला की २० गुण, मधला ५०, बारीक १००. मोठी तबकडी २००, लहान तबकडी १,०००. दर १०,००० गुणांना एक यान बक्षीस. खेळाडूंनी लगेच ताडलं, की सगळे दगड फोडायचे नाहीत. एखादा बारीक दगड शिल्लक ठेवायचा आणि लहान तबकड्यांची वाट पाहत घुटमळायचं. असं करत यानांचा साठा वाढवायचा. साठा शंभराजवळ गेला की ती सगळी यानं काढताना यंत्राची दमछाक होऊन खेळ मंदावतो. अडीचशेच्या पुढे नेला तर डावच हातचा जाण्याची भीती. म्हणून साठा बेताचा ठेवायचा आणि तो खर्ची पडत असताना तेवढ्यात जेवून, तोंड धुऊन परत यायचं.

नोव्हेंबर १९८२ मध्ये स्कॉट सॅफ्रान या पंधरा वर्षांच्या मुलाने असा दिवसरात्र खेळून ४,१३,३६,४४० गुण केले. पुढे ट्विन गॅलेक्सीजच्या लोकांनी त्याला वर्षानुवर्षं शोधलं. २००२ मध्ये कळलं, की तो १९८९ मध्येच गेला, आपल्या मांजरीला वाचवताना इमारतीवरून पडून. सन्मानचिन्ह त्यांनी त्याच्या घरच्यांना दिलं. आकडा त्याच्यामागे एकवीस वर्षं तसाच उभा राहिला.

एप्रिल २०१० मध्ये जॉन मॅकॲलिस्टर यांनी कॅमेऱ्यासमोर सुमारे ५८ तास खेळून तो ओलांडला. त्यांचा आकडा ४,१३,३८,७४०. दोन्हींतला फरक २,३०० गुणांचा. म्हणजे दोन लहान तबकड्या आणि तीन बारीक दगड.

पण यंत्राला यातलं काहीच माहीत नव्हतं. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ला ९९,९९० च्या पुढे मोजता येत नाही, दर लाखाला त्याचा आकडा पुन्हा शून्यावर येतो. त्या ५८ तासांत तो ४१३ वेळा शून्य झाला. प्रत्येक वेळी कॅमेरा पाहत होता आणि शून्यांची मोजणी यंत्राबाहेर होत होती. शेवटचं यान फुटलं तेव्हा पडद्यावर ३८,७४० एवढंच उरलं होतं. बाहेरून एखादा नवखा त्या क्षणी आत आला असता तर त्याला वाटलं असतं, खेळणाऱ्याचा हात बरा बसलाय.